लगाम बांधणारी प्रथिने

पुढे वाचण्याआधी एक छोटा प्रयोग करा. उजवा हात तळवा वर करून टेबलावर ठेवा. डाव्या हाताने उजवा दंड असा धरा, की अंगठा वरच्या स्नायूवर येईल आणि बाकीची बोटे खालच्या स्नायूवर. आता कोपर सावकाश वाकवा. अंगठ्याखालचा स्नायू फुगून टणक होतो; बोटांखालचा मात्र मऊच राहतो.

यात काय विशेष, असे तुम्ही म्हणाल. पण खालचा स्नायू मऊ राहिला तो आपोआप नव्हे. वरच्या स्नायूला 'आखड' असा हुकूम मेरुरज्जूतून सुटला, त्याच वेळी खालच्या स्नायूला चालवणाऱ्या चेतापेशींना 'तुम्ही गप्प बसा' असा दुसरा हुकूम गेला. तो गेला नसता तर दोन्ही स्नायू एकदम आखडले असते आणि हात लाकडासारखा ताठ झाला असता. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून हा दुहेरी हुकूम सिद्ध केला. दोन चेतापेशी जेथे भेटतात त्या जागेला 'सिनॅप्स' हे नाव १८९७ साली त्यांनीच प्रचारात आणले आणि १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपण या जागेला चेतासंधी म्हणू. ज्या चेतासंधीतून पुढच्या पेशीला 'चल' असा निरोप जातो ती उत्तेजक, आणि जिच्यातून 'थांब' असा निरोप जातो ती निरोधक चेतासंधी.

मेंदू म्हटले की आपल्याला विचार, आठवण, हालचाल आठवते. थांबणे आठवत नाही. पण लगामाशिवाय घोडा काय कामाचा? हा लगाम तुटला तर काय होते, हे माणसाला दोन विषांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे.

पहिले विष धनुर्वाताचे. गंजका खिळा टोचला की धनुर्वात होतो असे आपण म्हणतो. त्यात गंजाचा दोष नसतो. मातीतल्या जंतूंची बीजे खिळ्याबरोबर खोल जखमेत जातात आणि हवा न लागणाऱ्या त्या जागी वाढतात. त्यांनी तयार केलेले विष चेतातंतूंमधून उलट्या दिशेने चढत मेरुरज्जूपर्यंत पोहोचते आणि तेथे निरोधक पेशींच्या टोकांत शिरते. ही टोके 'थांब' असा निरोप देणारे रसायन बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. पिशवी टोकाच्या पडद्याशी नेऊन फोडायला एक प्रथिन लागते आणि विष नेमके तेच प्रथिन कापते. हे १९९२ साली कळले. पिशव्या भरलेल्या राहतात, निरोप मात्र सुटत नाही. मग जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. रोगाचे नाव त्यावरूनच पडले. (दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची इंजेक्शने टाळू नका, ती याच्यासाठीच असतात.)

दुसरे विष आपल्या कोकणातल्या रानात झाडावर लागते. काजऱ्याचे झाड पुष्कळांनी पाहिले असेल. वैद्य त्याला कुचला म्हणतात. त्याच्या नारिंगी फळात बटणासारख्या चपट्या, करड्या बिया असतात. या बियांमध्ये स्ट्रिक्निन नावाचे जहाल विष असते. त्या हाताळू नयेत, तोंडात तर मुळीच घालू नयेत. हे विष निरोप सुटण्याच्या आड येत नाही. निरोप घेणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही नावाची प्रथिने असतात, त्यांना ते जाऊन चिकटते आणि निरोपाला जागाच उरू देत नाही. परिणाम पुन्हा तोच. जरासा स्पर्श किंवा आवाज झाला, की सारे अंग ताठ.

एक विष पाठवणाऱ्याचे हात बांधते, तर दुसरे घेणाऱ्याचे कान बंद करते. 'थांब' हा हुकूम पोहोचायला दोन्ही बाजू शाबूत हव्यात आणि त्या अगदी समोरासमोर हव्यात, हे यावरून लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या समोरासमोर असण्याची आहे.

तत्पूर्वी हा निरोप म्हणजे नेमके काय ते पाहू. न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे १९५१ साली जॉन एकल्स आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी केसाहून कितीतरी बारीक काचेची नळी मांजराच्या मेरुरज्जूतील चेतापेशीत घातली. स्वस्थ चेतापेशीच्या आतला विद्युत् विभव बाहेरच्या मानाने सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असतो. तो वर सरकत उणे ५० च्या आसपास आला, की पेशी संदेश सोडते. निरोधक निरोप आल्यावर मात्र एकल्स यांना विभव आणखी खाली, आणखी ऋण होताना दिसला. चेतापेशी एकमेकींशी थेट विजेच्या प्रवाहाने बोलतात, असे मत एकल्स अनेक वर्षे हिरिरीने मांडत होते. त्या मताप्रमाणे हा आलेख उलटा यायला हवा होता. त्यांनी आपले मत सोडून दिले आणि निरोप रसायनाने जातो हे मान्य केले. विज्ञानात अशी माणसे वाटतात त्याहून कमी भेटतात. १९६३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

मेंदूत हे 'थांब' म्हणणारे रसायन बहुतेक ठिकाणी गॅमा-अमिनो-ब्युटिरिक आम्ल असते. त्याचे लांबलचक नाव टाळून सगळे त्याला 'गाबा' म्हणतात. मेंदूत ते असल्याचे १९५० साली कळले. मेरुरज्जूत त्याच्या जोडीला ग्लायसीन हे साधे अमिनो आम्ल असते. या रसायनांचा रेणू ग्राहीवर बसला, की ग्राहीच्या मधोमध असलेले दार उघडते आणि बाहेरचे ऋण प्रभाराचे क्लोराईड आयन आत येतात. आत ऋण प्रभार वाढला, की पेशी शांत होते.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. चेतासंधीतल्या दोन पेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. पाठवणाऱ्या टोकाची रुंदी एका मिलिमीटरच्या एक-दोन हजाराव्या भागाएवढी. घेणाऱ्या पेशीचा पसारा त्या मानाने अफाट, शाखा-उपशाखांचा. रसायन सुटते, काही सहस्रांश सेकंद टिकते आणि गोळा केले जाते. ग्राही पेशीभर विखुरलेले असते तर बहुतेकांना निरोप आल्याचा पत्ताही लागला नसता. पण ते विखुरलेले नसतात. टोकाच्या बरोबर समोर ते दाटीवाटीने बसलेले आढळतात. पेशीचे आवरण तर तेलासारखे प्रवाही असते, त्यात प्रथिने तरंगत इकडेतिकडे जातात. मग या ग्राहींना धरून ठेवतो कोण?

लंडनमध्ये ई. जी. ग्रे यांनी १९५९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मेंदूतील चेतासंधींचे दोन प्रकार पाहिले होते. एका प्रकारात घेणाऱ्या बाजूला जाड, काळसर थर दिसे. त्या उत्तेजक. दुसऱ्या प्रकारात हा थर अगदी पातळ असे आणि याच निरोधक असल्याचे पुढे ठरले. म्हणजे निरोधक बाजूला ग्राहींच्या खाली काही आधार असलाच, तर तो डोळ्यांना फारसा दिसणारा नव्हता.

तो सापडला काजऱ्याच्या विषामुळे. स्ट्रिक्निन ग्लायसीनच्या ग्राहीला घट्ट चिकटते हे ठाऊक होतेच. जर्मनीत हाइनरिख बेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषाचा गळ केला. स्ट्रिक्निनशी जवळचे नाते असलेले एक संयुग त्यांनी बारीक मण्यांना जोडले, ते मणी नळीत भरले आणि उंदराच्या मेरुरज्जूतील प्रथिनांचे मिश्रण त्यातून सोडले. बाकीची प्रथिने वाहून गेली, ग्राही अडकून राहिला. १९८२ साली त्यांनी हे शुद्ध केलेले प्रथिन तपासले, तेव्हा ग्राहीच्या भागांबरोबर आणखी एक पाहुणा सापडला. त्याचे वजन ९३ हजार डाल्टन होते. (हायड्रोजनचा एक अणू म्हणजे साधारण एक डाल्टन.) कितीही धुतले तरी तो ग्राहीची साथ सोडत नव्हता. तो आवरणाच्या आतल्या बाजूने ग्राहीला धरून होता. ग्रीक भाषेत पुलाला 'जेफिरा' म्हणतात. त्यावरून या प्रथिनाला जेफिरिन हे नाव मिळाले.

पण सोबत सापडला म्हणजे तोच आधार, असे कसे म्हणावे? चोराच्या शेजारी उभा असलेला प्रत्येक माणूस चोर नसतो. तेव्हा तो काढून घ्यावा आणि काय बिघडते ते पाहावे, हा सरळ मार्ग. १९९३ साली काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींमध्ये जेफिरिन तयार होऊ दिले नाही. ग्लायसीनचे ग्राही पेशीत होते, पण त्यांचे पुंजके झालेच नाहीत. १९९८ साली जेफिरिनचे जनुकच नसलेले उंदीर जन्माला घालण्यात आले. पिल्ले जन्मताना वरून धड दिसत. पण स्पर्श होताच त्यांचे अंग ताठ होई, आणि एका दिवसाच्या आत ती मरत. त्यांच्या अंगात विषाचा थेंबही नव्हता, आणि लक्षणे मात्र काजऱ्याच्या विषाची!

या पिल्लांनी आणखी एक कोडे घातले. त्यांच्या शरीरात मॉलिब्डेनम या धातूच्या मदतीने चालणारी विकरेही बंद पडली होती. जेफिरिनचे हे दुसरे काम. मॉलिब्डेनम ज्या छोट्या रेणूत बसवून विकराला दिला जातो तो रेणू पुरा करण्याचे काम जेफिरिन यकृतातही करते. त्याचे दूरचे नातेवाईक जीवाणूंमध्ये आणि वनस्पतींमध्ये आहेत. त्यांना ना मेंदू, ना चेतासंधी. म्हणजे जुन्या कारखान्यातला एक कसबी कामगार पुढे मेंदूच्या बांधकामावर रुजू झाला आणि पहिली नोकरीही त्याने सोडली नाही. मला स्वतःला या साऱ्या हकिकतीत ही गोष्ट सर्वांत नवलाची वाटते.

जेफिरिनची बांधणीही या कामाला साजेशी आहे. त्याच्या रेणूचे एक टोक आपल्यासारख्या आणखी दोघांशी जुळते, दुसरे टोक एकाशी. तिघांची गाठ आणि दोघांची गाठ अशा गाठी पडत गेल्या, की आवरणाखाली जाळे विणले जाईल, असे चित्र शास्त्रज्ञ मांडतात. ग्राहीचा एक फासा या जाळ्यात अडकतो. गाबाचे बरेचसे ग्राहीही जेफिरिनच धरते, मात्र सगळे नाही.

हे जाळे भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखे पक्के असेल असे वाटेल. २००३ साली पॅरिसमधील शास्त्रज्ञांनी ग्लायसीनच्या एकेका ग्राहीला चकाकणारा अतिसूक्ष्म कण बांधला आणि जिवंत पेशीवर त्याचा प्रवास पाहिला. ग्राही आवरणावर भटकत येतो, चेतासंधीत शिरतो, तेथे त्याची चाल मंदावते, काही काळ रेंगाळतो आणि पुन्हा बाहेर पडतो. त्याच्या जागी दुसरा येतो. देवळाच्या ओट्यावर माणसे बदलत राहतात पण ओटा रिकामा होत नाही, तसे हे आहे. त्यामुळे पेशीला लगाम ओढायचा असेल तर जास्त ग्राही थांबवता येतात, सैल करायचा असेल तर सोडून देता येतात.

बरे, जेफिरिन ग्राहीला थांबवते. पण जेफिरिनने कोठे बसावे हे कोण सांगते? त्यासाठी फटीच्या दोन्ही काठांवर उभी असलेली प्रथिने पाहिली पाहिजेत. पाठवणाऱ्या टोकावर न्यूरेक्सिन असते, घेणाऱ्या बाजूवर न्यूरोलिजिन. दोघे फटीतून एकमेकांचा हात धरतात. २००० साली झालेला एक प्रयोग यासाठी फार बोलका आहे. मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींचा मेंदूशी काही संबंध नाही. अशा पेशींकडून न्यूरोलिजिन तयार करवून घेतले आणि शेजारी चेतापेशींचे तंतू वाढू दिले. तंतू या परक्या पेशींना टेकले तेथे त्यांनी रसायनाच्या पिशव्या गोळा केल्या, जणू समोर दुसरी चेतापेशीच आहे. एका प्रथिनाने एवढी फसवणूक साधली.

न्यूरोलिजिनचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचे मुख्यतः निरोधक चेतासंधीत राहते. २००९ साली त्याच्या कामाची साखळी उलगडली. न्यूरोलिजिन-२ ची शेपटी पेशीच्या आत असते, ती जेफिरिनला धरते. तिसरे एक प्रथिन आहे, कोलिबिस्टिन. ते एरवी मिटलेल्या अडकित्त्यासारखे असते. न्यूरोलिजिन-२ ने त्याला उघडले, की ते जेफिरिनला आवरणापाशी नेऊन बसवते. न्यूरोलिजिन-२ नसलेल्या उंदरांमध्ये चेतापेशीच्या मुख्य अंगाभोवतीचे जेफिरिनचे पुंजके विरळ झाले. लांबच्या शाखांवर मात्र फारसे बिघडले नाही. तेथे दुसरी प्रथिने ही जबाबदारी उचलतात; त्यांतले एक, स्लिटआरके-३, २०१२ साली पुढे आले आणि ते नसलेल्या उंदरांना झटके येतात असे दिसले. कोलिबिस्टिनच्या जनुकात दोष असलेले एक मूल तर २००४ साली शास्त्रीय नियतकालिकात नोंदले गेले: आवाजाने ताठ होणे आणि अपस्माराचे झटके, दोन्ही त्याला होते.

एवढे सारे जुळून आले, ग्राही जागेवर बसले, म्हणजे लगाम तयार झाला, असे तुम्ही म्हणाल. तो अजून तयार झालेला नाही! १९८९ साली पॅरिसमध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूचे काप तपासले. त्यांत गाबा पेशींना शांत करण्याऐवजी चेतवत होते. लगाम ओढावा आणि घोडा उधळावा, तसे.

हे समजायला थोडे गणित करू. आयनांचे बाहेरचे प्रमाण आतल्या प्रमाणाच्या दहापट असेल, तर शरीराच्या तापमानाला त्यांचा समतोल ६१ मिलिव्होल्टला साधतो. शंभरपटीला त्याच्या दुप्पट. म्हणजे पटीचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि ६१ ने गुणायचे. प्रौढ चेतापेशीत क्लोराईड बाहेर आतल्यापेक्षा सुमारे २० पट असते. २० चा लॉगॅरिदम १.३०. गुणाकार ७९, आणि क्लोराईड ऋण प्रभाराचे असल्याने चिन्ह उणे. दार उघडले की क्लोराईड पेशीला उणे ७० वरून उणे ७९ कडे खेचते, पेशी गप्प. नवजात पिल्लाच्या पेशीत आत आधीच क्लोराईड जास्त असते. बाहेरचे प्रमाण पाचपटच धरा. ५ चा लॉगॅरिदम ०.७०, गुणाकार ४३. आता तेच दार पेशीला उणे ७० वरून उणे ४३ कडे खेचणार, आणि वाटेत उणे ५० हा उंबरठा लागतो! रसायन तेच, ग्राहीही तोच, अर्थ मात्र उलटा. एकल्स यांच्या गटाने १९५५ मध्येच मांजराच्या पेशीत नळीतून क्लोराईड सोडून निरोधक आलेख उलटा करून दाखवला होता. निसर्ग हाच प्रयोग प्रत्येक पिल्लात करतो.

आतले क्लोराईड वाढवते ते एनकेसीसी-१ नावाचे वाहक प्रथिन, आणि बाहेर फेकते ते केसीसी-२. पिल्लात पहिल्याचा जोर असतो. वाढीबरोबर दुसरे मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागते आणि उंदरांत जन्मानंतर दोनेक आठवड्यांत लगाम खरा लगाम होतो. १९९९ साली केसीसी-२ ची निर्मिती दडपून हा बदल त्यामुळेच घडतो हे दाखवले गेले. येथे एक सावधगिरी हवी. पेशीचा विभव वर गेला म्हणजे सारा मेंदू भडकला, असे नाही. जिवंत उंदराच्या पिल्लांवरील २०१५ च्या प्रयोगात गाबा एकेका पेशीचा विभव वर नेत असतानाच जाळ्याची एकूण हालचाल कमी करीत असल्याचे आढळले. उघडलेल्या दारांमुळे आवरण गळके होते आणि इतर निरोपांचा जोर ओसरतो.

हे सारे प्रयोगशाळेपुरते नाही. काही बाळांना जन्मानंतर लवकरच झटके येतात. त्यांना फिनोबार्बिटोन हे औषध देतात. ते गाबाच्या ग्राहीचे दार अधिक वेळ उघडे ठेवते. पण बाळाच्या पेशीत क्लोराईडच जास्त असेल, तर दार उघडे ठेवून किती उपयोग होणार? मोठ्या माणसांच्या मानाने नवजात बाळांत या औषधाचा गुण कमी का येतो, याचे एक कारण हे असावे असा तर्क पुढे आला. त्यावरून उपायही सुचला: एनकेसीसी-१ ला अडवावे. त्यासाठी लघवी वाढवणारे ब्युमेटानाईड हे जुने औषध हाताशी होते. युरोपातील काही रुग्णालयांनी ते बाळांना देऊन पाहिले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अपेक्षेइतका गुण आला नाही आणि काही बाळांच्या ऐकण्यात दोष आढळला. एनकेसीसी-१ केवळ मेंदूतच काम करीत नाही. कानाच्या आतल्या भागात जो पोटॅशियमयुक्त द्रव असतो, ज्याच्यावाचून आवाजाचे विजेत रूपांतर होत नाही, तो तयार व्हायलाही हेच प्रथिन लागते.